फिल्टरच्या खोक्यावरची टिक

आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक पिंप आहे. गाडीतून काढलेले जुने फिल्टर त्यात पालथे टाकायचे, म्हणजे उरलंसुरलं काळं ऑइल निथळून जातं. पिंप भरायला दोन आठवडे लागतात. किस्से त्याहून लवकर साठतात. पिंप रिकामं करायला टेम्पो येतो, किस्से न्यायला कोणी येत नाही. म्हणून मी ते रविवारी संध्याकाळी विहारातल्या मैत्रिणींना सांगते. त्या पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना हसू येत नाही, कारण यातल्या प्रत्येक किश्श्यात मी घाबरलेली आहे.

मी मूळचीच भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून दोनदा परत जाणारी. अशा बाईनं इंजिन ऑइलच्या काऊंटरवर बसू नये. पण पप्पांच्या डोळ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली, तेव्हा मी काल्हेरच्या गोडाऊनमधली कॉम्प्युटरवरची नोकरी सोडून भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दुकानात आले. त्याला आता आठ वर्षं झाली.

दुकान म्हणजे पुढं माझा काऊंटर, मागं गाडी उभी करायला एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात नसीमचाचा. चाचा तरुणपणी कापड विणायच्या लूमवर होते. कारखान्यातल्या खडखडाटात आयुष्याची पंधरा वर्षं गेल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही. पप्पांनी दुकान टाकलं त्या दिवसापासून ते आमच्याकडे आहेत. गिऱ्हाईक समोर असलं की मला "मॅडम" म्हणतात, नसलं की "बेटा".

दुकानाचे दोन नियम पप्पांनी घालून दिलेत. पहिला नियम चावीचा. जुनं ऑइल सोडलं की चाचा खड्ड्यातून ओरडतात, "खाली!" त्याबरोबर मी त्या गाडीची चावी काऊंटरवरच्या स्टीलच्या डब्यात टाकते. नवीन ऑइल घातलं की ते ओरडतात, "भरली!" त्यानंतरच चावी डब्याबाहेर येते.

दुसरा नियम खोक्याचा. नवा फिल्टर ज्या खोक्यातून आला, तो खोका फेकायचा नाही. ऑइल घातल्यावर इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघायची. पातळी बरोबर खुणेवर असली की चाचा त्या खोक्यावर मार्करनं किलोमीटर लिहितात आणि एक टिक मारतात. खोका गाडीच्या ड्रॉवरमध्ये जातो. पुढच्या वेळी गिऱ्हाईक तो घेऊन येतं, म्हणजे फिल्टरचा नंबर हातात असतो आणि मागच्या वेळी कोणी काय केलं तेही.

एक खोका, एक टिक. हे लक्षात ठेवा.

*

वळ गावचे दामू पाटील म्हणजे गोडाऊनवाले. चार ट्रक, गळ्यात साखळी, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप उभं राहावं. मुलीसाठी त्यांनी नवी कोरी छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि पहिल्याच ऑइल बदलीला ट्रकच्या ऑइलचा मोठा कॅन स्वतःच घेऊन आले.

"ह्यो टाक," ते म्हणाले. "माझ्या चारी ट्रकांना ह्योच हाय. या बारकीला का न्हाय चालनार?"

मला माहीत होतं की चालणार नाही. छोट्या इंजिनातल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, तिथं हे घट्ट ऑइल सकाळी वेळेवर पोचत नाही आणि तोवर लोखंड लोखंडावर घासतं. पण हे पाटलांना सांगायचं कोणी? मी काऊंटरखाली काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. तिथं शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

चाचा खड्ड्यातून वर आले. गाडीच्या ड्रॉवरमधून त्यांनी कंपनीचं पुस्तक काढलं. त्याची प्लॅस्टिकची पिशवीही फाडलेली नव्हती. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, वाचा."

मी वाचलं. फाइव्ह डब्ल्यू थर्टी, म्हणजे पातळ ऑइल. माझा आवाज एवढा बारीक निघाला की पाटलांनी पुन्हा वाचायला लावलं.

"पुस्तक वाचून कोन गाडी चालवतंय का?" पाटील म्हणाले.

"पाटील," चाचा म्हणाले, "ते पुस्तक ही गाडी ज्यानं बनवली त्यानं लिहिलंय. तुमच्या ट्रकनं नाय लिहिलं."

आता दुकान जातंय असं मला वाटलं. पाटलांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "टाक मग त्यात हाय तां."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात दिसले तेव्हा मी पुन्हा काऊंटरखाली वाकले. त्यांच्या हातात कापडाची पिशवी होती. ती त्यांनी काऊंटरवर पालथी केली. फ्रिज, पाण्याचा पंप, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांची पुस्तकं, सगळी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"ह्ये पन वाचून सांग," पाटील म्हणाले. "घरान कवापासून चुकीचं चाललंय काय म्हाईत."

*

साठे सर शाळेत गणित शिकवतात. घर लूमच्या कारखान्याला लागून, गाडी कारखान्याच्या खिडकीखाली. "गाडी दमते हो," ते म्हणाले. "चढावर अगदी माझ्यासारखी दमते."

चाचा खड्ड्यात होते, म्हणून एअर फिल्टरचं झाकण मी उघडलं. आत काहीतरी पांढरं, मऊ, केसाळ आणि फुगलेलं होतं. मी किंचाळले आणि स्टुलासकट मागं गेले. इंजिनाच्या उबेला मांजर शिरल्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. साठे सर माझ्याहून लांब, थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारू लागले, "मेलंय का?"

चाचांनी ते दोन बोटांनी उचललं. "मरेल कसं, सर? कधी जिवंतच नव्हतं." कारखान्यातल्या सुताची बारीक फुई खिडकीतून उडून महिनोन्‌महिने गाडीनं ओढून घेतली होती. फिल्टरवर त्याची गादी झाली होती.

चाचांनी ती फुई बोटांत चोळली, नाकाशी नेली, उजेडात धरली. "कॉटन नाय. पॉलिस्टर मिक्स आहे. तुमच्या शेजारी शर्टिंग चालतं. पहले ग्रे कपडा, कोरा कॉटन, चालायचा, दिवाळीनंतर बदललं."

साठे सरांनी त्याच वेळी माझ्यासमोर शेजारच्या कारखान्यात फोन केला. दिवाळीनंतरच बदललं होतं!

हे मी मुद्दाम सांगतेय. नसीमचाचांचं डोकं असं होतं. शेकडो गाड्यांचे फिल्टर नंबर त्यांना तोंडपाठ, फुईवरून त्यांना कारखान्याचं कॅलेंडर कळायचं.

*

त्याच दिवशी साठे सरांनी एक गोष्ट केली. चाचांनी ऑइलही बदललं, टिक मारून खोका त्यांच्या हातात दिला आणि हात धुवायला गेले, तेवढ्यात सरांनी बॉनेट उघडून डिपस्टिक काढली. गणिताचे मास्तर, उत्तर पडताळून बघायची सवय.

चाचांनी मोरीवरून ते पाहिलं. मला वाटलं, आता भांडण होणार.

"बघा सर, बघा," चाचा म्हणाले. "गाडी तुमची. दहा वेळा बघा."

सर गेले. चाचा हात पुसत काऊंटरशी आले आणि नेहमीच्या मानानं बऱ्याच हळू आवाजात म्हणाले, "गिऱ्हाईकानं बघितलं तर त्याचा हक्क आहे, बेटा. पण ज्या दिवशी या दुकानातल्या माणसानं माझ्यामागं डिपस्टिक काढली, त्या दिवशी मी पाना खाली ठेवला असं समज. भाऊंनी तीस वर्षांत एकदा नाय काढली."

भाऊ म्हणजे माझे पप्पा. मी म्हटलं, "चाचा, मी कशाला काढीन?" आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

*

ऑइलचा रिकामा कॅन आमच्याकडे गिऱ्हाइकासमोर फोडतात. पेचकस घेऊन दोन भोकं पाडायची, मगच तो भंगारात. लोकांना वाटतं बाईला राग आलाय. खरं कारण असं की अखंड कॅनला बाहेर मागणी आहे. त्यात गाळलेलं काळं ऑइल भरतात, नवं सील लावतात आणि तुमच्या-माझ्यासारख्याला विकतात. इंजिनाला ते कळतं, पण फार उशिरा.

एक माणूस दर शुक्रवारी बाइकवर यायचा आणि अखंड कॅन मागायचा. फार गोड बोलायचा. मी नाही म्हटलं की तो दुकानाकडे, पाटीकडे, माझ्या स्कूटरच्या नंबराकडे सावकाश बघायचा आणि "सोच लो, दीदी" म्हणून निघून जायचा. गुरुवारी दुपारपासून माझी भूक मरायची. स्कूटर मी मागच्या गल्लीत लावायला लागले.

शेवटी मी चाचांना सांगितलं. त्या आठवड्यात कॅन फोडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. शुक्रवारी तो आला तेव्हा चाचांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "इतके दिवस का नाय बोललात? घेऊन जा, सगळे घेऊन जा." आणि गोणीभर कॅन त्याच्या बाइकला स्वतः बांधून दिले. मी डोळे फाडून बघत राहिले.

तासाभरात तो परत आला. गोणी त्यानं दारातच टाकली. प्रत्येक कॅनच्या बुडाला, लेबलच्या आड, बारीक भोक होतं.

"इसमें तो पानी भी नहीं टिकेगा," तो म्हणाला.

"उसी लिए तो दिया," चाचा म्हणाले.

तो पुन्हा आला नाही. स्कूटर मात्र मी पुढं दोन महिने मागच्या गल्लीतच लावत होते.

*

आता मैत्रिणी जिथं हसायच्या थांबतात, तो किस्सा.

फिल्टरला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढला की ती त्याच्याबरोबर निघते, पण कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर रिंगवर रिंग बसते आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइल बाहेर उडतं. म्हणून बोट फिरवून बघायचं असतं. हे चाचांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

गेल्या वर्षी दामू पाटलांची तीच छोटी गाडी आली. "खाली", चावी डब्यात. "भरली", चावी बाहेर. पाटलांनी इंजिन सुरू केलं आणि खालून ऑइलची धार सुटली. काळं नव्हे, नवं, मधाच्या रंगाचं. गाडीतून उतरलेल्या पाटलांचे पांढरे बूट सोनेरी झाले.

"बंद करा!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

पाटील हसले. "चाचा, गारीला अंघोल घातली काय?" चाचाही हसले. रिंग काढली, फिल्टर पुन्हा बसवला, ऑइल पुन्हा घातलं, लाद्या भुशानं पुसल्या. इंजिन मिनिटभर चालवून बघायचा नियम त्यासाठीच असतो. दुकानातच कळलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

पाटील गेल्यावर चाचा उलट्या क्रेटवर बसले. ती जुनी रिंग त्यांच्या हातात होती आणि ते ती गोल गोल फिरवत होते.

"बेटा, मी बोट फिरवलं होतं," ते म्हणाले. "मला आठवतंय. मी फिरवलं होतं."

विसरलो म्हणाले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

*

त्यानंतर तीन महिने काही झालं नाही. मग प्रकाश कांबळे आले. कुरिअरच्या ऑफिसात आहेत, पप्पांच्या ओळखीचे. गाडीत बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. ऑइल बदलून तसंच इगतपुरीला, सासुरवाडीला जायचं होतं. म्हणजे कसारा घाट.

चाचांनी ऑइल सोडलं, "खाली" ओरडले, मी चावी डब्यात टाकली. फिल्टर बसवला, खालचा बोल्ट आवळला आणि नमाजाची वेळ झाली म्हणून ते जाऊन आले. आल्यावर खड्ड्यात उतरले, वर आले, "भरली" म्हणाले. मी फोनवर सप्लायरशी बोलत होते. एका हातानं चावी काढली, दुसऱ्या हातानं खोका दिला. खोक्यावर टिक होती. ती त्यांनी काय बघून मारली, हे मला आजही माहीत नाही.

फोन ठेवला आणि फळीवर नजर गेली. कांबळ्यांच्या गाडीसाठी काढून ठेवलेला ऑइलचा कॅन तिथंच होता. सील तसंच.

चाचा मोरीवर हात धुत होते. मी कॅन उचलला, स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि निघाले. हेल्मेट घातलं की नाही आठवत नाही. गाडी कोणत्या बाजूला गेली असेल, किती लांब गेली असेल, मागच्या सीटवर मुलगी कुठल्या बाजूला बसली होती, एवढंच डोक्यात.

गाडी नाक्यावरच होती. वळताना एक कंटेनर आडवा झाला होता आणि चारी बाजूंनी सगळं ठप्प होतं. पुढचा अर्धा तास काही हलणार नाही हे ओळखून लोकांनी इंजिनं बंद केली होती. कांबळ्यांनीही केलं होतं. भिवंडीच्या ट्रॅफिकला मी जन्मभर शिव्या दिल्या. त्या दिवशी मी भर रस्त्यात त्या कंटेनरला हात जोडले.

काच ठोठावली. "दादा, इंजिन सुरू करू नका. ऑइल घालायचं राहिलंय. आमची चूक आहे."

ते म्हणाले, "ती ऑइलच्या दिव्यातली लाल किटली पेटली होती. मला वाटलं, नवीन ऑइल आहे म्हणून असेल."

मी बॉनेट उघडून ऑइल ओतलं. घाईत थोडं बाहेर सांडलं. बायको मुलीला घेऊन बाहेर उतरली होती. मुलगी विचारत होती, "आई, आता आपण यात बसायचं का?" आईनं तिला उचलून कडेवर घेतलं.

इंजिन सुरू केलं. किटली विझली. आवाज साफ होता. आम्ही दोघांनी पाच मिनिटं कान देऊन ऐकला. पाच मिनिटांनी डिपस्टिक काढली. आयुष्यात पहिल्यांदा चाचांच्या मागं. गॅरेजला परत चला, चाचा बघतील, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"घाटात कळलं असतं तर?" कांबळे म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोचलात की मेसेज करा," मी म्हटलं. तो मेसेज येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्याले नाही.

दुकानात परतले तेव्हा चाचा फळीसमोर उभे होते. फळीवरच्या धुळीत कॅनच्या बुडाचा चौकोन स्वच्छ दिसत होता.

"कुठं गेली होतीस, बेटा?"

"बँकेत," मी म्हटलं.

त्या दिवशी रविवार होता.

*

दुसऱ्या दिवसापासून मी चोर झाले. चाचा हात धुवायला गेले की गाडीच्या दाराच्या कडेला पुढच्या ऑइल बदलीच्या तारखेचं स्टिकर लावायच्या निमित्तानं उठायचं, बॉनेट किंचित उचलायचं, डिपस्टिक काढायची, रुमालानं पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची, बघायची. नळाचा आवाज बंद व्हायच्या आत परत खुर्चीत. प्रत्येक गाडीला. गेल्या पाच महिन्यांत एकदाही पातळी चुकलेली निघाली नाही. तरी पुढच्या गाडीला मी पुन्हा उठायचेच.

मला दोन भीत्या होत्या. बघितलं नाही तर एखादं कुटुंब घाटात अडकेल ही एक. बघताना चाचांनी पाहिलं तर ते पाना खाली ठेवून निघून जातील ही दुसरी. त्यांना दुसरं काही येत नाही, दुसरं काही नको आहे. या खड्ड्यातून ते घरी गेले तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. कोणती भीती मोठी, ते मला ठरवता येईना. म्हणून मी दोन्ही बाळगल्या.

एका संध्याकाळी मी घरी कपडे धुवायला टाकत होते. पप्पांना आता नुसता उजेड-अंधार कळतो, पण नाक शाबूत आहे.

"तुझ्या रुमालाला ऑइलचा वास येतो," ते म्हणाले.

"गॅरेज आहे, पप्पा. येणारच."

"गॅरेजच्या रुमालाला जळक्या ऑइलचा येतो. हा नव्याचा आहे." त्यांनी रुमालासाठी हात पुढं केला. "नसीमला सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. रिंग, कंटेनर, रविवारची बँक.

"तो जाईल हो पप्पा, कळलं तर," मी म्हटलं.

"सुषमा," पप्पा म्हणाले, "मला आंधळ्याला वास आला. त्याला काय सर्दी झालीय?"

*

आणि हा परवाचा.

पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठाण्याला ठरलं. उरलेला उजेड वाचवायचा म्हणजे ठरलेल्या दिवशी सकाळी तिथं पोचायलाच हवं, डॉक्टरांनी बजावलं होतं. रिक्षा-बिक्षा नको, आपल्याच गाडीनं जाऊ, असं ठरलं. आमची गाडी जुनी आहे. ती ऑइल बदलीला आलेलीच होती.

"भाऊंची गाडी मी करणार," चाचा म्हणाले. "तू दुकान बंद करून घरी जा. भाऊंची तयारी कर."

मला थांबायचं होतं. थांबायला कारण सुचेना. सकाळी सातला चाचा स्वतः गाडी घेऊन दारात आले. त्यांनी पप्पांना हात धरून बसवलं, पट्टा लावला. माझ्या हातात चावी देताना म्हणाले, "भरली." ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले.

गल्लीच्या वळणापर्यंत ते आरशात दिसत होते.

किटली पेटली नव्हती. इंजिनाचा आवाज लोण्यासारखा होता. हे सगळं मला कळत होतं. पण शेजारच्या सीटवर पप्पा होते, आणि कळणं वेगळं, भीती वेगळी. अंजूरफाटा गेला. प्रत्येक सिग्नलला मी लाल दिव्याच्या जागेकडे बघत होते. काल्हेर आलं तेव्हा एका गोडाऊनच्या फाटकाजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"का थांबलो?" पप्पांनी विचारलं.

"फोन आलाय."

"वाजला नाही."

इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं थांबावं लागतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि गाडी प्रत्येक वेळी हलत होती. पप्पा मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले होते. पाच मिनिटं झाली तशी मी उतरले, बॉनेट उचललं, डिपस्टिक काढली, रुमालानं पुसली, घातली, काढली.

ऑइल बरोबर खुणेवर होतं. ना केसभर वर, ना केसभर खाली.

मी सीटवर येऊन बसले. श्वास घ्यावा म्हणून जरा थांबले आणि का कोण जाणे, ड्रॉवर उघडला. फिल्टरचा खोका आत होता. नंबर बरोबर. चाचांच्या अक्षरात किलोमीटर बरोबर. त्याच्या खाली टिक.

एक नव्हती. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. काही ठसठशीत, काही मार्कर सुकत आल्यासारख्या फिक्या. शेवटच्या दोन निळ्या बॉलपेननं. मी बोट ठेवून मोजल्या.

सात.

सहा महिन्यांनी हा खोका पुन्हा त्यांच्याच हातात जाणार होता.

"निघायचं का?" पप्पा म्हणाले.

"एक मिनिट," मी म्हटलं. पर्समधून पेन काढलं, खोका स्टिअरिंगवर टेकवला आणि आठवी टिक मारली.